मेंदूच्या आलेखात स्वभाव दिसतो का?

मेंदूच्या लहरींवरून किंवा स्कॅनवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो का, या विषयावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. आमच्या शहरात एक केंद्र आहे. तिथे डोक्याला टोपी लावून दहा मिनिटांत मेंदूच्या लहरी मोजतात, मूल सोळा प्रकारांपैकी कोणत्या प्रकारचं आहे ते सांगतात आणि दहावीनंतर सायन्स घ्यावं की कॉमर्स हेही ठरवून देतात. चाचणी करून घ्यावी का?
(एक पालक, सांगली)

उत्तर : नको. फीचे पैसे वाचतील हे झालंच, पण चौदा वर्षांच्या मुलावर 'तू अमुक प्रकारचा' असा शिक्का बसणार नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

टोपीतलं यंत्र खोटं नाही, हे आधी सांगायला हवं. त्याला ईईजी म्हणतात. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. मेंदूच्या वरच्या थरातल्या असंख्य पेशी एका लयीत काम करू लागल्या की डोक्याच्या त्वचेवर साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतका विद्युतदाब उमटतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. डोळे मिटून स्वस्थ बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची लहर दिसते, ती अल्फा. डोळे उघडले की ती विरते. पेंग येऊ लागली की ४ ते ८ आवर्तनांची थिटा वाढते. म्हणजे माणूस आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे ईईजी चांगलं सांगतो. स्वभाव मात्र महिनोन्‌महिने, वेगवेगळ्या प्रसंगांत दिसत राहणाऱ्या वागण्याला म्हणतात. मुलगा रात्री उशिरा झोपला, निघताना चहा प्यायला, अनोळखी जागेत बुजला, या गोष्टी दहा मिनिटांच्या नोंदीत स्वभावापेक्षा कितीतरी ठळक उमटतात.

सोळा प्रकारांची मांडणीही मेंदूकडे पाहून झालेली नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ मधल्या कल्पनांचा आधार घेऊन अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी एक प्रश्नावली बनवली. तिच्यातल्या चार जोड्यांमधून हे सोळा प्रकार निघतात. लॉस एंजेलिसमधले दारिओ नार्डी यांनी २०११ मध्ये या प्रकारांना ईईजीचे आकृतिबंध जोडून दाखवले, पण त्यांच्याकडे होते काही डझन विद्यार्थी. सोळांत वाटले तर एकेका प्रकाराच्या वाट्याला मूठभरच येतात. उलट एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये २८९ जणांचा ईईजी घेतला, त्यांच्याकडून स्वभावाची प्रश्नावली भरून घेतली आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या लहरींवरून त्याचा स्वभाव ओळखायला संगणकाला शिकवून पाहिलं. जमलं नाही. एका विद्यापीठाला जे साधलं नाही, ते गल्लीतल्या केंद्राला दहा मिनिटांत साधतं असं मानायला काही आधार नाही.

तरी केंद्रात गेलातच, तर एवढं विचारा: टोपी लावण्याआधी किंवा नंतर मुलाकडून प्रश्नावलीही भरून घेता का? घेत असतील तर 'प्रकार' त्या प्रश्नावलीतून आलेला असतो, टोपी नुसती शोभेची. आणि महिन्याने पुन्हा मोजलं तर तोच प्रकार येतो, याचे तुमच्याकडे आकडे आहेत का?

शाखा निवडायला कलचाचणी आणि अभिक्षमता चाचणी या दोन गोष्टी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या. जोडीला गेल्या दोन वर्षांचे विषयवार गुण पाहा. आणखी एक साधा उपाय म्हणजे अकरावीच्या दोन्ही शाखांच्या पुस्तकांतला एकेक धडा मुलाला सुट्टीत वाचायला द्या आणि कोणता तो न सांगता पुढे वाचतो, ते बघा.

प्रश्न : मी सोळा प्रकारांची चाचणी ऑनलाइन दोनदा दिली. मार्चमध्ये आयएनएफजे आले, मेमध्ये आयएसटीजे. दोन महिन्यांत माझा मेंदू बदलला का?
(शिक्षिका, नगर)

उत्तर : मेंदू बदलला नाही. चाचणीने रेघ चुकीच्या जागी मारली आहे.

त्या चार जोड्यांपैकी एकीतली बहिर्मुखता (माणसांत रमण्याचा कल) घ्या. ती उंचीसारखी असते. फार उंच आणि फार बुटकी माणसं थोडी, बाकी सगळी मधल्या पट्ट्यात. आता १६५ सेंटिमीटरला रेघ मारून वरच्यांना 'उंच' आणि खालच्यांना 'बुटके' म्हटलं, तर १६४.८ आणि १६५.२ उंचीचे दोघे वेगळ्या जातीचे ठरतात आणि १६५.२ व १९० चे एका जातीचे. सोळा प्रकारांत अशा चार रेघा आहेत, आणि त्या नेमक्या जिथे गर्दी जास्त तिथेच, मध्यावर मारलेल्या. प्रत्येक जोडीत दुसऱ्या वेळीही तीच बाजू येण्याची शक्यता ८५ टक्के इतकी चांगली धरली, तरी प्रकाराच्या नावातली चारही अक्षरं (प्रत्येक जोडीचं एक) जशीच्या तशी येण्याची शक्यता ०.८५ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे ५२ टक्के. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच लोकांचा प्रकार बदलतो, तो याच हिशेबाने. तुमचीही मधली दोनच अक्षरं बदलली आहेत. त्या दोन जोड्यांत तुमचे गुण मध्याजवळ असणार.

म्हणून संशोधक आता प्रकार न मांडता स्वभावाचे गुण मोजतात. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाच्या वागण्या-असण्याचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचले होते. पुढे अशा शब्दांचे गट पाडता पाडता पाच मोठे गुण वर आले: बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, सौजन्य, कर्तव्यदक्षता आणि नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा. प्रत्येक गुणावर प्रत्येक माणसाला काही ना काही आकडा मिळतो, कुणीही खोक्यात बसत नाही. मेंदूचा स्वभावाशी काही संबंध सापडलाच, तर तो अशा चढत्या-उतरत्या आकड्यांशीच सापडेल.

प्रश्न : एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनचा विषय 'बहिर्मुखता आणि अल्फा लहरी'. विभागात १९ इलेक्ट्रोडचं ईईजी यंत्र आहे, ४० विद्यार्थी मिळतील. पद्धत कशी ठेवावी? कुठे चुकण्याची शक्यता असते?
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : विषय जुना असला तरी संपलेला नाही. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९६७ मध्ये मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून त्याला गोंगाट लवकर नकोसा होतो. बहिर्मुखाचा मेंदू कमी जागृत, म्हणून तो बाहेर उत्तेजन शोधतो. अल्फा ही विसाव्याची लहर. तेव्हा ती बहिर्मुखांत जास्त दिसायला हवी. काही प्रयोगांत तशी दिसली, काहींत उलटं झालं, काहींत फरकच नाही. अँथनी गेल यांनी १९७० च्या दशकात हे प्रयोग एकत्र तपासले आणि दाखवून दिलं की माणसाला प्रयोगात काय करायला सांगितलं होतं, हेच जागोजागी वेगळं होतं. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसवलेला बहिर्मुख माणूस कंटाळतो. मग एक तर मनातल्या मनात काहीतरी घोळवत बसतो, नाहीतर पेंगतो. दोन्हींत अल्फा घटते, आणि तुम्ही मात्र तो आकडा 'जागृत मेंदू' म्हणून लिहिता. तेव्हा खोलीतला उजेड, सूचनेचे शब्द आणि बसण्याचा वेळ सगळ्यांना एकच ठेवा.

आता ४० जणांचं. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने चढतात-उतरतात याचा आकडा: ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण. इतक्या लोकांत तो ०.३१ च्या वर गेला तरच पाच टक्क्यांच्या कसोटीला उतरतो, म्हणजे नुसत्या योगायोगाने तसा येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी ठरते. स्वभाव आणि मेंदू यांच्यातले खरे संबंध बहुतेक ०.१ ते ०.२ इतकेच असतात. ०.२ चा संबंध दहापैकी आठ वेळा पकडायचा तर साधारण १९४ माणसं लागतात, ०.१ चा पकडायचा तर ७८३. म्हणजे ४० जणांत तुम्हाला जे 'सापडेल' ते बहुधा फुगलेलंच असणार. दुसऱ्या दोन-तीन महाविद्यालयांशी जोडून घेता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर हा प्राथमिक अभ्यास आहे असं शीर्षकातच लिहा आणि सहसंबंधाबरोबर त्याची मर्यादाही द्या. ४० जणांत ०.१ आलं तर खरा आकडा उणे ०.२२ ते अधिक ०.४० यांत कुठेही असू शकतो. परीक्षकांना हे वाचून तुमचं काम कमी वाटणार नाही. वाटलंच तर हा परिच्छेद दाखवा.

नोंद घेण्याआधी एक गोष्ट लिहून मार्गदर्शकांकडे तारखेसह ठेवा: कोणता गुण, कोणता पट्टा, कोणते इलेक्ट्रोड. उदाहरणार्थ, बहिर्मुखता, ८ ते १३ आवर्तनं, पीझेड-ओ१-ओ२ (डोक्याच्या मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडच्या जागांची नावं) यांची सरासरी. असं न करता १९ इलेक्ट्रोड, ५ पट्टे आणि ५ गुण सगळे एकमेकांशी ताडून पाहिले तर ४७५ सहसंबंध होतात, आणि काहीही नसताना त्यांतले २४ च्या आसपास 'लक्षणीय' निघतात. छापून आलेले कितीतरी निष्कर्ष या २४ मधलेच आहेत.

प्रश्नावलीसाठी पाच गुणांचा ५० वाक्यांचा संच खुल्या वापरासाठी उपलब्ध आहे. तो मराठीत आणताना एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही इंग्रजी पाठ ताडावेत. मूळ संचात समारंभात जान आणण्याबद्दलचं एक वाक्य आहे. ते शब्दशः उतरवलं तर मुलं लग्नातल्या नाचाचा विचार करून उत्तर देतील. 'चारचौघांत गप्पांना मी रंग आणते' असं काहीतरी करावं लागेल. दहा जणांवर आधी वापरून पाहा. क्रोनबाखचा अल्फा ०.७ च्या खाली आला तर वाक्यं दुरुस्त करा. (हा अल्फा प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा, लहरींचा नव्हे. प्रबंधात दोन्ही येणार, तेव्हा प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव लिहा.) बहिर्मुख-अंतर्मुख असे दोन गट पाडू नका, प्रश्नावलीतून आलेला पूर्ण आकडा वापरा. आणि नोंद घेणाऱ्याला समोरच्याचा आकडा माहीत नसावा.

नोंदीत सगळ्यात आधी आडवं येतं ते खोबरेल तेल. तेल लावलेल्या डोक्यावर जेल धरत नाही. आदल्या दिवशी शाम्पूने धुवून, तेल-कंडिशनर काही न लावता या, असं लेखी कळवा. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजा. ३६ सेंटिमीटर आलं तर १० टक्के म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर एफपीझेड, १०.८ वर एफझेड, १८ वर सीझेड, २५.२ वर पीझेड. टोपी घातली तरी सीझेड हाताने मोजून पाहाच. दोन सेंटिमीटर मागे सरकलेली टोपी सगळे इलेक्ट्रोड सरकवते. त्वचा खरडपेस्टने हलकी घासून प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध ५ किलो-ओमच्या खाली आणा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावला की घरगुती विजेची ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, जाड पट्टी दिसते. पंख्याच्या वाऱ्याने वायरी हलतात आणि संथ लाटा येतात, घामानेही तसंच होतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये नोंद सकाळी लवकर घ्या. चहा-कॉफी अल्फा कमी करते. शेवटचा कप कधी घेतला, रात्री किती तास झोप झाली, हे प्रत्येकाला विचारून लिहा.

एक मिनिट डोळे उघडे, एक मिनिट मिटलेले, असं आठ मिनिटं. निम्म्यांना उघड्यापासून सुरुवात, निम्म्यांना मिटलेल्यापासून. नमुने सेकंदाला किमान २५० घ्या, नंतर ०.५ ते ४० हर्ट्झमध्ये गाळा. दोन-दोन सेकंदांचे तुकडे करा, निम्मे एकमेकांवर चढवून, आणि ज्यात दाब १०० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे गेला ते फेका. पापणीची उघडझाप त्यातच सापडते. प्रत्येक अवस्थेची दोन मिनिटं तरी स्वच्छ उरायला हवीत. जबडा आवळला की कानांवरच्या टी३-टी४ वर २० हर्ट्झच्या पुढे दाट गवत उगवतं. त्याला बीटा (अल्फाहून जलद लहर) समजून 'चिंताग्रस्त' लिहिणारे पुष्कळ. तो स्नायू असतो. झोपेला आलेल्याची अल्फा तुटक होऊन थिटा दिसू लागते, तो तुकडा घेऊ नका. कवटीची जाडी माणसागणिक वेगळी असल्याने आकडे थेट ताडता येत नाहीत. शक्तीचा लॉगरिदम घ्या आणि संदर्भ इलेक्ट्रोड कोणता होता ते लिहा. दहा जणांची नोंद आठवड्याने पुन्हा घ्या. तुमचा आकडा त्याच माणसाशीच जुळत नसेल, तर तो स्वभावाशी जुळणार नाही.

नैतिक समितीची परवानगी आणि लेखी संमती आधी. कुणाच्या नोंदीत फिटच्या आजाराची शंका आणणाऱ्या टोकदार लहरी दिसल्या तर त्या विद्यार्थ्याला निदान सांगू नका; कोणत्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचं ते आधीच ठरवून ठेवा. आणि 'तुझा मेंदू असा आहे' अशी चिठ्ठी कुणालाही देऊ नका, मित्रमैत्रिणींनी कितीही मागितली तरी.

प्रश्न : मग स्वभाव खरोखर दिसतो अशी एकही लहर नाही का?
(निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : एक आहे, आणि तिच्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं. माणूस स्वस्थ बसलेला असताना ती दिसत नाही. माणूस चुकला की दिसते.

पडद्यावर पाच बाण दाखवतात आणि मधला बाण ज्या दिशेचा, त्या बाजूचं बटण पटकन दाबायला सांगतात. आजूबाजूचे बाण उलट दिशेचे असले की चुका होतात. चुकीचं बटण दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, डोक्याच्या मध्यरेषेवर कपाळाकडे सरकलेल्या एफसीझेड या जागी ऋण दिशेचं एक टोक येतं. माणूस स्वतःशी 'अरे, चुकलं' म्हणेपर्यंत ते येऊन गेलेलं असतं. १९९० च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत दोन गटांनी हे स्वतंत्रपणे शोधलं. ज्यांना चिंता करण्याची सवय असते, पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची असते, त्यांच्यात हे टोक सरासरीने खोल असतं, असं अनेक प्रयोगशाळांत दिसलं आहे.

करून पाहणाऱ्यांसाठी: फेऱ्या ४०० तरी घ्या, चुका दहा टक्क्यांच्या आसपास राहतील इतका वेग ठेवा. सगळे अगदी जपून खेळले तर चुकाच होत नाहीत आणि सरासरी काढायला काही उरत नाही. सहा-आठ चुका हा किमान आकडा. मधूनमधून 'थोडं भराभर करा' अशी सूचना दाखवावी लागते. बरोबर उत्तरांची लहर वेगळी काढून वजा करा.

पण संबंध सरासरीचा आहे, आणि लहान ते मध्यम. टोक खोल असलेला निवांत माणूस आणि टोक उथळ असलेला चिंतातुर माणूस हे दोघेही तुम्हाला सहज भेटतील. गटाबद्दल ही लहर काही सांगते, समोर बसलेल्या एकट्याबद्दल नाही.

प्रश्न : 'बहिर्मुख लोकांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग मोठा असतो' असं वाचलं. एमआरआयमध्ये तरी स्पष्ट दिसतं ना?
(वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्ही वाचलेली बातमी बहुधा २०१० च्या अभ्यासावरची असावी. अमेरिकेत कॉलिन डी-यंग आणि सहकाऱ्यांनी ११६ जणांच्या मेंदूचं आकारमान पाचही गुणांशी ताडलं आणि बहिर्मुखतेचा संबंध डोळ्यांच्या वरच्या, बक्षिसाची किंमत जोखणाऱ्या भागाशी लावला. कल्पना चांगली होती. पण २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या १,१०७ विद्यार्थ्यांवर पाहिलं तेव्हा असे संबंध टिकले नाहीत.

याचं कारण २०२२ मध्ये जवळजवळ ५०,००० जणांच्या स्कॅनवरून स्पष्ट झालं. मेंदूचा एखादा भाग आणि एखादा मानसिक गुण यांच्यातला सहसंबंध बहुतेकदा ०.०१ च्या आसपास असतो. सगळ्यांत ठळक एक टक्का संबंध ०.०६ च्या वर जातात. पंचवीस-तीस माणसांच्या अभ्यासात एवढं बारीक काही दिसूच शकत नाही. दिसलं तर तो योगायोग. मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी किती ताळमेळाने चालतात, हे एकत्र पाहिलं तर थोडं जास्त हाती लागतं: २०१८ मध्ये ८८४ जणांवर खुलेपणाचा गुण ०.२४ सहसंबंधाने वर्तवता आला. त्याचा वर्ग करा, ०.०६ सुद्धा होत नाही. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा सहा टक्क्यांहून कमी भाग. स्कॅनमध्ये डोकं हलण्याचाही घोळ असतो. उतावळी माणसं जास्त हलतात, आणि हलण्याने आलेला डाग स्वभावाची खूण म्हणून वाचला जातो.

प्रश्न : बोटांच्या ठशांवरून मूल 'डाव्या मेंदूचं' की 'उजव्या मेंदूचं' ते कळतं का? शाळेतच शिबिर आहे.
(पालक, सोलापूर)

उत्तर : नाही. बोटांवरच्या रेषा गर्भात साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात उठतात आणि पुढे बदलत नाहीत. बुद्धी आणि आवडी त्यांतून वाचता येत नाहीत. 'डाव्या मेंदूचा माणूस' अशी जातच नाही. भाषेचं बरंचसं काम डावीकडे चालतं हे खरं, पण युटा विद्यापीठात २०१३ मध्ये १,०११ जणांचे स्कॅन तपासले तेव्हा एकूण मेंदूच एका बाजूला झुकलेला असा गट सापडला नाही. शिबिर ऐच्छिक असेल तर नाव देऊ नका. सक्तीचं असेल तर पालक-शिक्षक संघात विषय काढा.

प्रश्न : पुण्यात एका खटल्यात मेंदूच्या लहरींवरून शिक्षा झाली होती ना? मग न्यायालयाने मानलं ते स्वभावाला का लागू नाही?
(वकील, पुणे)

उत्तर : २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात अशा चाचणीचा निष्कर्ष इतर पुराव्यांबरोबर धरला, हे खरं आहे. ती चाचणी आठवणीची होती, स्वभावाची नव्हे: आरोपीला गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि 'अनुभवाची आठवण' जागी झाल्याची खूण लहरींत शोधायची. अनपेक्षित किंवा महत्त्वाची गोष्ट समोर आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक धन टोक येतं, हे १९६५ पासून माहीत आहे, आणि ओळखीच्या गोष्टीनेही ते येऊ शकतं. पण माणसाने ती गोष्ट केली, पाहिली, की चौकशीत दहादा ऐकली, हे त्या टोकावरून वेगळं काढता येत नाही.

पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असं सांगितलं. घटनेच्या कलम २०(३) आणि २१ चा आधार घेतला. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा होत नाही; त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली तर ती दाखल होऊ शकते. नोकरीच्या मुलाखतीत 'स्वभाव पाहण्यासाठी' टोपी घालायला सांगणाऱ्यांपुढे हा निकाल ठेवायला हरकत नाही. तो फौजदारी तपासाबद्दल आहे हे खरं, पण आपलं मन न उघडण्याचा हक्क त्यात ज्या स्पष्टपणे मांडला आहे, तो वाचण्यासारखा आहे.

प्रश्न : ध्यानासाठी कपाळाची ईईजी पट्टी घेतली. ॲप सांगतं, 'तुमची अल्फा कमी, डावी बाजू मंद, नकारात्मक वृत्ती'. काळजी वाटते.
(गृहिणी, म्हापसा)

उत्तर : काळजी करू नका. अल्फा सगळ्यांत ठळक दिसते ती डोक्याच्या मागे, आणि कपाळावरचे सेन्सर तिच्यापासून सगळ्यांत दूर असतात. कपाळावर पापण्या आणि भुवयांचे स्नायूच जास्त बोलतात. शिवाय काही निरोगी माणसांची अल्फा जन्मभर बारीकच असते.

'डावी बाजू मंद म्हणजे नकारात्मक' हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांच्या कामातून आलेलं आहे. त्यांनी कपाळामागच्या डाव्या बाजूचा संबंध पुढे सरसावण्याशी आणि उजव्या बाजूचा माघार घेण्याशी लावला होता. अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१९ मध्ये झाला, तेव्हा स्वस्थ बसलेल्या अवस्थेतल्या या फरकाचा स्वभावाच्या गुणांशी सांगण्यासारखा संबंध निघाला नाही. पट्टी उलटी घालून पाहा, म्हणजे डावा सेन्सर उजवीकडे. तरीही ॲप 'डावीच' मंद दाखवत राहिलं, तर दोष सेन्सरच्या संपर्कात आहे. ध्यान चालू ठेवा, ॲपमधला तो भाग बंद करा.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलाला फिट आली म्हणून ईईजी काढला. अहवालात 'उजव्या बाजूला थिटा' लिहिलं आहे. औषध सुरू झाल्यापासून तो फार चिडका झाला आहे. त्या थिटामुळे स्वभाव असा झाला का?
(आई, जळगाव)

उत्तर : 'उजव्या बाजूला थिटा' हा शब्द तुमच्या डॉक्टरांना फिटचा उगम शोधायला उपयोगी आहे, स्वभाव सांगायला नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या ईईजीत थोडी थिटा वयानुसारही असते.

चिडचिड औषधानंतर सुरू झाली, हे तुम्ही लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. गोळीचं नाव पाहा. लेव्हेटिरासेटाम घेणाऱ्या काही मुलांत चिडचिड, रडू, आक्रमकपणा वाढतो. हा औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि डोस बदलून किंवा दुसरं औषध देऊन तो बहुधा आटोक्यात येतो. मात्र गोळी आपणहून बंद किंवा कमी करू नका. एकदम थांबवली तर लागोपाठ फिट येऊ शकतात. एका वहीत दोन आठवडे रोज लिहा: गोळी किती वाजता दिली, चिडचिड किती वाजता झाली, किती वेळ टिकली, रात्रीची झोप किती, फिट आली का. ती वही आणि गोळीचं पाकीट घेऊन पुढच्या तारखेची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टकडे जा. मुलगा स्वतःला किंवा भावंडांना मारू लागला, अथवा 'मला जगायचं नाही' असं काही बोलला, तर त्याच दिवशी जा.